जपानी शिकायचंय? मग इंग्रजी जरा बाजूला ठेवा

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा: वय अठ्ठावीस, घर खारघरला, नोकरी ऐरोलीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची, क्लायंट जपानी. जपानी भाषेच्या परीक्षेची (जेएलपीटी) एन-३ ही मधली पातळी (एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड) पास होणाऱ्यांना जपानला पाठवू, असं ऑफिसात सांगितलंय. "सहा महिने बिनपगारी रजा घेऊन रोज आठ तास अभ्यास केला तर शून्यापासून एन-३ होईल का? शिवाय मला नुसतं सर्टिफिकेट नकोय. हायकू मुळातून वाचायचेत, तिथल्या माणसांशी नीट बोलायचंय. हे दोन्ही एकदम जमतं का?"

रजा घेऊ नका. नोकरी सांभाळून रोज तीन तास द्या आणि सव्वा ते दीड वर्षाची तयारी ठेवा, एन-३ होईल. दोन्ही एकदम जमतं. वेगवेगळं करायला गेलात तर दोन्ही रखडेल, हे मी वीसेक वर्षं नौपाड्यात क्लास घेऊन आणि रबाळे-महापे पट्ट्यातल्या कारखान्यांत दुभाषी म्हणून उभं राहून सांगते आहे.

रजा का नको? माझ्याकडे असे तीन-चार जण येऊन गेले. पहिले दोन महिने वाऱ्यासारखे पळतात. तिसऱ्या महिन्यात कांजी (चिनीतून आलेली चित्रासारखी अक्षरं) एकमेकांत मिसळायला लागतात, 'हातात धरणे' आणि 'वाट पाहणे' यांची चित्रं सारखीच दिसायला लागतात, आणि मग दिवसाचे आठ तास खायला उठतात. कांजी पाठ व्हायला तास लागतात त्याहून जास्त रात्री लागतात. आज पाहिलेली परवा विसरायची, पुन्हा पाहायची, आठवड्याने पुन्हा. हा घाट सहा महिन्यांत उरकत नाही. शिवाय तुमच्या ऑफिसात रोज जपानी मेल येतात, जपानी माणसं कॉलवर बोलतात. ती फुकटची प्रयोगशाळा सोडून घरी बसायचं कशाला?

आता मुद्द्याचं. जपानी किती अवघड आहे हे आपण इंग्रजांकडून ऐकलेलं असतं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था जपानीला सर्वांत कठीण गटात टाकते आणि ८८ आठवडे, २२०० तासिका लागतील असं सांगते. पण हा हिशोब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा आहे. त्यांना क्रियापद वाक्याच्या शेवटी न्यायचं, शब्दामागे प्रत्यय जोडायचा, हे सगळं उलटं चालायला शिकण्यासारखं असतं. तुम्ही जन्मापासून तसंच चालता आहात. तरीही आपली मुलं इंग्रजी पुस्तक घेतात, जपानी वाक्य मनात इंग्रजीत नेतात आणि तिथून मराठीत आणतात. ठाण्याहून ऐरोलीला जायला व्हाया सीएसएमटी जाण्यातला हा प्रकार आहे.

उदाहरण घ्या. 'तबेते मिरु' हा प्रयोग इंग्रजीतून शिकलात की 'खाण्याचा प्रयत्न करणे' असं काहीतरी डोक्यात बसतं आणि ते कायम थोडं चुकतं. मराठीत ते 'खाऊन बघणे' आहे. तबेते म्हणजे खाऊन, मिरु म्हणजे बघणे, शब्दाला शब्द. 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणे, 'मोत्ते कुरु' घेऊन येणे, 'मोत्ते इकु' घेऊन जाणे. 'तबेते शिमाऊ' म्हणजे खाऊन टाकणे, आणि 'वासुरेते शिमात्ता' म्हटलं की आपल्या 'विसरून बसले' मधली हळहळ जशीच्या तशी. इंग्रजी पुस्तकात या प्रत्येकाला वेगळा धडा असतो. मी वर्गात हे सगळं एका शनिवारी उरकते आणि मुलं एकमेकांकडे बघून हसतात.

'किनोओ कात्ता होन': काल घेतलेलं पुस्तक. तीन शब्द, तोच क्रम, मध्ये 'जे' नाही की 'जो' नाही. 'आतामा गा इताई' म्हणजे डोकं दुखतंय. बघणे आणि दिसणे, ऐकणे आणि ऐकू येणे हा फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. जपानीत तो मिरु-मिएरु, किकु-किकोएरु असा आहे. फुटणे-फोडणे, पडणे-पाडणे, थांबणे-थांबवणे या जोड्या म्हणजे वारेरु-वारु, ओचिरु-ओतोसु, तोमारु-तोमेरु. कप फुटला आणि कप फोडला यात कुणाच्या माथी काय येतं हे मराठी घरातल्या पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. जपानी ऑफिसात सर्व्हर बंद पडला की सर्व्हरलाही 'ओचिता'च म्हणतात, म्हणजे पडला. कुणी पाडला ते नंतर बघू.

आणि एक सुख: चा, ची, चे, च्या या सगळ्यांना मिळून एकच 'नो'. लिंग नाही, अनेकवचनाची कटकट नाही. मराठी शिकणाऱ्या जपानी माणसाची मला नेहमी दया येते.

'वा' आणि 'गा' या नामामागे लागणाऱ्या छोट्या शब्दांवर लोक वर्षानुवर्षं अडून बसतात. मी सुरुवातीला एक कुबडी देते: 'वा' म्हणजे 'तर', 'गा' म्हणजे 'च'. 'वाताशी वा इकिमासु' हे 'मी तर जाणार आहे', बाकीच्यांचं माहीत नाही. 'वाताशी गा इकिमासु' हे 'मीच जाते'. कुबडी सगळीकडे चालत नाही, पण पहिलं वर्ष निघतं.

उच्चारात तर तुम्ही हिंदीवाल्यांच्याही पुढे आहात. त्सुनामीतल्या 'त्सु'साठी परदेशी लोक जीभ मोडून घेतात. तो आपल्या 'चमचा'तला च आहे. जपानी 'न्'चं लफडं म्हणजे आपला अनुस्वार. आंब्यात तो म असतो, अंगात ङ, दंडात ण. तसंच तिकडे 'शिंबुन' म्हणजे वर्तमानपत्र यात म, 'मांगा'त ङ, 'कांजी'त ञ. नियम पाठ करू नका, तोंड आपोआप करेल. फक्त 'देसु'चा शेवटचा उ गिळा (देस) आणि 'सुकी'चा पहिला (स्की).

या सारखेपणाला योगायोग म्हणता येईल, कारण दोन भाषांचं कुळ एक नाही. पण एक गोष्ट मात्र योगायोगाची नाही. जपानी मुळाक्षरांचा क्रम म्हणून बघा: आ इ उ ए ओ, आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतो ना? बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीतून संस्कृत मंत्र शिकताना हा क्रम नेला. 'च'च्या जागी 'सा' दिसतो आणि 'प'च्या जागी 'हा', कारण जुन्या जपानीत त्या 'हा'चा उच्चार 'पा' असा होता असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. सिद्धम् जपानात रुजवणाऱ्यांत मोठं नाव कूकाई या भिक्षूचं. तो ८०४ साली चीनला गेला, ८०६ मध्ये परतला, आणि त्याने कोयासान डोंगरावर मठ उभारला. त्याच कोयासानच्या विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. जपानला गेलात तर ओसाकाहून एका दिवसात जाऊन येता येतं. जाऊन या.

सोपं इथे संपलं. वाचवलेले तास आता कांजीला द्यायचे.

रोजच्या वापराच्या म्हणून सरकारने ठरवलेल्या कांजी २१३६ आहेत. एन-३ ला साधारण साडेसहाशे लागतात. हा आकडा ढोबळ आहे, कारण २०१० मध्ये परीक्षेची नवी रचना आल्यापासून अधिकृत यादी छापतच नाहीत. लोक घाबरतात ते आकड्याला नाही, एकेका कांजीच्या दोन-दोन, तीन-तीन वाचनांना. पाणी ही कांजी एकटी असली तर 'मिझु', जोडशब्दात 'सुई'. का? इंग्रजी पुस्तक म्हणतं, पाठ करा. मराठी माणसाने स्वतःच्या भाषेकडे बघावं. आपण घरात पाणी पितो, पण पाटीवर जलशुद्धीकरण केंद्र असतं. घरात आग, रस्त्यावर अग्निशमन दल. आपल्याकडे जे संस्कृतने केलं ते तिकडे चिनीने केलं. घरचा शब्द एकटा उभा राहतो, पाहुणा शब्द जोडून येतो. 'सुइएइ' म्हणजे पोहणे. पहिली कांजी पाण्याची, दुसरी पोहण्याची. जलतरणच की! 'फुजीसान'मधला सान म्हणजे 'जी' नव्हे, तो धवलगिरीतला गिरी आहे. सुटा डोंगर 'यामा', जोडशब्दात 'सान'. तत्सम आणि तद्भव शाळेत केलेलं आठवत असेल तर निम्मं काम झालं.

मग शब्द सुटे पाठ करायचे नाहीत, कुटुंबं करायची. विजेची कांजी 'देन'. तिला गाडी जोडली की 'देंशा', म्हणजे लोकल. बोलणं जोडलं की 'देनवा', फोन. तळं जोडलं की 'देंची', बॅटरी. विजेचं तळं! ठाणेकरांना हे लगेच लक्षात राहतं.

तुमच्यासाठी खास सांगते. पातळीची वाट बघू नका. पुस्तकं ज्या शब्दांना वरच्या पातळीवर ठेवतात ते तुमच्या मेलमध्ये रोज येतात: काकुनिन (खातरजमा), फुगुआई (बिघाड), शियोओ (काय बनवायचं त्याचा तपशील), ताइओओ (त्यावर केलेली कारवाई), नोओकी (देण्याची मुदत). हे पहिल्याच महिन्यात भिंतीवर लावा. 'फु' आणि 'मि' हे दोन उपसर्ग आधी शिका. 'फु' म्हणजे आपला अ, बे किंवा गैर. 'मि' म्हणजे 'अजून नाही'. 'मिकाकुनिन' म्हणजे अजून तपासलेलं नाही. टेस्टिंगवाल्याचं अर्धं आयुष्य या एका अक्षरात आहे.

काताकानाला, म्हणजे परकीय शब्द लिहायच्या लिपीला, कमी लेखू नका. सगळे हिरागाना (रोजची मुळाक्षरं) घोटतात आणि काताकाना पंधरा दिवसांत गुंडाळतात, मग 'सुकेजूरु' हा आपला शेड्यूल आहे हे ओळखायला अर्धं मिनिट जातं. त्यात फसवे शब्दही आहेत. 'मानशोन' हा बंगला नव्हे, साधा फ्लॅट. आणि क्लायंटच्या मेलमध्ये 'कुरेएमु' दिसलं की खुर्चीत नीट बसा. ती तक्रार असते.

वेळेचं गणित. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले साडेपाच, आणि त्यांची बारा ते एकची जेवणाची सुट्टी म्हणजे आपले साडेआठ ते साडेनऊ. म्हणून तुमचे कॉल भल्या पहाटे असतात, आणि म्हणूनच अभ्यास रात्री ठेवू नका, टिकणार नाही. सकाळी सव्वा तास नवा धडा. पनवेल-ठाणे लोकलमध्ये जाता-येता कांजीची कार्डं. मोबाइलवर आंकी नावाचं ॲप आहे, विसरायच्या बेतात आलेलं कार्ड नेमकं पुढे करतं. रोज दहा नवी, जास्त नाही. हावरेपणा केला की तिसऱ्या आठवड्यात चारशे कार्डं तुंबतात आणि माणूस ॲपच काढून टाकतो. संध्याकाळी तासभर कान आणि तोंड. सेंट्रल पार्कात फेऱ्या मारता मारता कानात जपानी संवाद लावायचा आणि अर्ध्या सेकंदाने मागे राहून तोच मोठ्याने म्हणायचा. लोकांना वाटतं फोनवर बोलताय. रविवारी सुट्टी. आठवड्याला अठरा तास, वर्षाला नऊशेच्या आसपास.

पुस्तक कोणतं यावर मुलं महिना घालवतात. क्लासात बहुतेक 'मिन्ना नो निहोंगो' चालतं: पहिल्या भागाचे २५ धडे म्हणजे साधारण एन-५, पुढचे २५ म्हणजे एन-४. रुक्ष आहे, पण मजबूत आहे. जोडीला जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यात दवाखाना, कचरा वेगळा करणं, शेजाऱ्याशी बोलणं असे प्रसंग आहेत. तिथे राहायला जाणाऱ्याला तेच लागतं. दोन पुरेत. तिसरं विकत घेऊ नका.

परीक्षा वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. मुंबईत केंद्र आहे. नोंदणी बरीच आधी होते, तेव्हा तारखेवर लक्ष ठेवा. एन-५ सोडा, पहिली एन-४ द्या. एन-५ ने घरच्यांना आनंद होतो, एवढाच त्याचा उपयोग. एन-३ ला १८० पैकी ९५ लागतात, शिवाय तिन्ही विभागांत ६० पैकी किमान १९. हा किमानचा नियम मी स्वतः भोगलाय. २०११ मध्ये एन-२ ला माझी बेरीज पास होण्याइतकी भरली होती, आणि श्रवणात १८. व्याकरणाची पुस्तकं फाटेपर्यंत वाचली होती, कान मात्र कोरे होते. तेव्हापासून माझ्या वर्गात पहिल्या दिवसापासून ऐकणं.

आणि या परीक्षेत बोलणं नाही, लिहिणं नाही. सगळे पर्याय निवडायचे. एन-२ चा कागद खिशात घेऊन क्लायंटसमोर मुकी बसलेली मुलं मी पाहिली आहेत. तुमच्या कंपनीला कागद हवाय. तुमच्या टीमला तुम्ही तोंड उघडलेलं हवंय.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ते. दुभाषी म्हणून माझं पहिलंच वर्ष, एमआयडीसीतला एक कारखाना. ठाण्याचे मराठी मालक, समोर दोन जपानी पाहुणे. दोन दिवस सगळं दाखवून झालं, दर सांगून झाला. पाहुण्यांतल्या ज्येष्ठांनी दातांमधून हवा आत ओढली, मान जराशी वाकडी केली आणि म्हणाले, "केंतोओ शिमासु." शब्दकोशात अर्थ: सखोल विचार करणे. मी त्याच तोऱ्यात मराठीत सांगितलं, "ते यावर गांभीर्याने विचार करणार आहेत." मालकांनी पेढे मागवले. ऑर्डर आली नाही, पत्रही आलं नाही.

मी नुसतं "बघू म्हणतायत" असं म्हटलं असतं तर मालकांना तिथल्या तिथे कळलं असतं. स्थळाला 'बघू' कळवणारे, वर्गणीला 'बघू' म्हणणारे आपणच ना? 'मुझुकाशिइ देसु ने' म्हणजे 'अवघड आहे हो', आणि आपल्याकडेही 'अवघड आहे' याचा अर्थ अवघड आहे असा नसतो. वाक्य अर्धवट सोडून नुसतं 'चोत्तो...' म्हटलं की ते आपलं 'जरा...'. पुढचं समोरच्याने ओळखायचं. तोंडावर नाही न म्हणणाऱ्या समाजात तुम्ही वाढलात ही पात्रता आहे, ती वापरा. इंग्रजी मीटिंगमध्ये वर्षानुवर्षं बसून आपण तो कान बंद करून टाकलेला असतो.

मेलच्या सुरुवातीला 'इत्सुमो ओसेवा नी नात्ते ओरिमासु' येतं. मुलं विचारतात, याचं नेमकं भाषांतर काय. आजोबांच्या पत्रातल्या 'सा. न. वि. वि.'चं भाषांतर काय? ते असतं. नसलं तर खटकतं. ('ओसेवा'तला सेवा आणि आपली सेवा यांचा संबंध नाही, पण लक्षात ठेवायला उपयोगी पडतो.)

पण मराठी संस्कार आडवेही येतात. पहिलं, 'हो हो'. आपण नम्रपणे, उत्साहाने म्हणतो. जपानीत 'हाइ, हाइ' असं जोडीने म्हटलं की 'कळलं, पुरे आता' असं ऐकू येतं. एकच हाइ. तोही होकार नसतो बरं का, 'ऐकतेय' एवढाच त्याचा अर्थ. क्लायंटने पाच वेळा हाइ म्हटलं म्हणून डिझाइन मंजूर झालं असं टीमला कळवू नका. दुसरं, 'तुम्ही'साठी 'अनाता' वापरण्याचा मोह. टाळा, आडनाव घ्या आणि सान लावा. तिसरं आपल्याला सर्वांत जड जातं. बाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःच्या साहेबांना सान लावायचं नाही. कुलकर्णी साहेब तुमच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे असतील, तरी क्लायंटला सांगायचं, 'कुलकर्णी जागेवर नाही', आणि तेही क्रियापद खालचं वापरून. माझी जीभ वर्षभर अडखळली. मग एकदा सुचलं की आपणही पाहुण्यांना 'या आमच्या गरिबाच्या घरी' म्हणतो, घर चार खोल्यांचं असलं तरी. आपलं ते सगळं खाली, समोरच्याचं वर. साहेब तुमच्या घरातले, म्हणून तेही खाली. केंजोओगो नावाचं हे प्रकरण मला तिथून सुटलं.

काम करायला 'होओ-रेन-सोओ' समजून घ्या: वर कळवणं, संबंधितांना सांगणं, सल्ला विचारणं. उच्चार पालकाच्या भाजीच्या जपानी नावासारखाच आहे, त्यामुळे तिकडे नव्या भरतीला त्या विनोदासकटच शिकवतात. आपली सवय अशी की अडचण सुटल्यावर सांगायचं, उगाच कशाला साहेबांना त्रास. त्यांना अडचण दिसल्या क्षणी हवी असते, उत्तर हातात नसलं तरी. भाषेपेक्षा ही सवय बदलायला जास्त वेळ लागतो, आणि क्लायंट तुमच्यावर विश्वास ठेवतो तो याच्यावर.

जपानी फक्त आयटीला लागते असंही नाही. अटल सेतूला जपानच्या जायका संस्थेचं कर्ज आहे, आणि मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा बीकेसी ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा, ज्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून जातात, तुमच्या लोकलच्या वाटेवरच्या घणसोलीतून पुढे जातो. कायझेन, गेंबा, पोका-योके हे शब्द महापेच्या फोरमनच्या तोंडी वर्षानुवर्षं आहेत, ते जपानी आहेत हे त्याच्या गावीही नसतं.

हायकूचं राहिलं. मराठीत हायकू शिरीष पै यांनी रुजवला, तीन ओळींचा. मूळ जपानी मोजणी ५-७-५ अशी सतराची आहे, आणि पुष्कळ जण ती अक्षरं समजून मोजतात. मोजायच्या असतात मात्रा. तोक्योत आपल्याला दोन अक्षरं दिसतात. जपानी कानाला ते तो-ओ-क्यो-ओ, चार. 'निप्पोन'सुद्धा चार: नि, जोडाक्षराची थांबलेली मात्रा, पो, न्. दहावीपर्यंत लघु-गुरु पाडलेल्या माणसाला हे नव्याने शिकायची गरज नाही. आणि हे कवितेपुरतं नाही. 'ओबासान' म्हणजे काकू-मावशी, 'ओबाआसान' म्हणजे आजी. एका मात्रेत तुम्ही क्लायंटच्या बायकोला तीस वर्षांनी म्हातारी करू शकता. 'किते' म्हणजे ये, 'कित्ते' म्हणजे पोस्टाचं तिकीट. रोज सकाळी एक हायकू बोटांवर मात्रा मोजत मोठ्याने वाचा. श्रवणाच्या पेपरला त्याच्याइतकी चांगली तयारी मला माहीत नाही. मी १८ वर अडकले होते तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर.

दुसरं म्हणजे नादाचे शब्द. जपानी माणूस यांच्यावाचून बोलू शकत नाही, आणि इंग्रजी शब्दकोशाची इथे पार दमछाक होते. आपल्याकडे जोडीला जोड आहे. झाआझाआ पाऊस म्हणजे धो धो, शितोशितो म्हणजे रिमझिम, दोकिदोकि म्हणजे छातीत धडधड, पेरापेरा बोलणं म्हणजे फाडफाड बोलणं. तुमच्या कामातही येतात: स्क्रीन 'काकुकाकु' हलतेय म्हणजे अडखळत, झटके देत, ॲप 'साकुसाकु' चालतंय म्हणजे झपाझप. पुढच्या बग रिपोर्टमध्ये काकुकाकु लिहून बघा. क्लायंट तुमचं नाव लक्षात ठेवेल.

एखाद्या रविवारी वरळीला निप्पोनझान म्योहोजी मंदिरात जाऊन बसा. तिथे ढोलावर 'नामु म्योओहोओ रेंगे क्योओ' चालतं. 'नामु' म्हणजे आपलं नमो, 'रेंगे' कमळाचं फूल, 'क्योओ' सूत्र: सद्धर्मपुंडरीक सूत्राला नमन. मात्रा मोजत ऐका.

सुरुवात या आठवड्यात करायची तर वहीपासून करा. कांजीच्या महागड्या छापील वह्या ऑनलाइन मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात पहिली-दुसरीची चौकटीची गणिताची वही मागा. चार चौकोन मिळून एक कांजी नीट बसते. माझ्या वर्गात अजून तीच चालते. दुकानदाराने "मुलासाठी का?" विचारलं तर हो म्हणायचं.